दुष्काळातली जाड बाई

बारीक माणसांना स्वतःचे किस्से आठवावे लागतात. जाड माणसाला ती मेहनत नाही. त्याचे किस्से लोकच तयार करतात, लोकच गावभर सांगतात आणि वर त्यालाच विचारतात, "अहो, ते तुमचंच ना?" माझ्याकडे असे इतके साठलेत की भिशीला बायका जमल्या की चहाच्या आधीच फर्माईश होते, "कुंदाताई, ते कर्जतचं सांगा ना!"

मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. पण हसताना हात आपोआप पदर पुढे ओढतो. इतकी वर्षं झाली, तरी तो हात काही ऐकत नाही.

तर बहात्तरचा दुष्काळ. मी नगरकडच्या कर्जतला मुलींच्या शाळेत शिक्षिका. शाळेला जोडून बोर्डिंग होतं, वाड्यावस्त्यांवरच्या पोरी तिथं राहून शिकायच्या. हेडमास्तर होते भापकर सर, उंच आणि सुतळीसारखे बारीक. माझ्याबरोबर निमसे बाई होत्या, त्यांची जीभ फार चालायची. बोर्डिंगचा स्वयंपाक गयाबाईकडे. आणि मी, कुंदा पाचारणे, जाड. 'अंगानं भरलेली' वगैरे नाही, सरळ जाड. आईकडच्या सगळ्या बायका अशाच. माझी आजी जन्मभर डोक्यावरून पाणी आणायची, जात्यावर दळायची, आणि होती तशीच होती.

बरी वर्षं असताना लोक मला 'खात्यापित्या घरची' म्हणायचे. पाऊस गेला, आणि त्याच अंगाचा गुन्हा झाला.

*

नगरचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा. मधल्या सुट्टीत भापकर सर तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. आम्हाला वाचनाची गोडी नाही, असं त्यांचं मत होतं.

एके दिवशी पहिल्या पानावर हाडं निघालेल्या बैलांचा फोटो, आणि आतल्या पानावर कुणा डॉक्टरांचा जाडीवर लेख. मथळ्यातच मरणाची भीती घातलेली. सरांनी लेख अथपासून इतिपर्यंत वाचला. हृदय झालं, गुडघे झाले, अल्पायुष्य झालं. शेवटी तर देशात धान्य नसताना असं अंग बाळगणं बरं दिसतं का, इथपर्यंत गाडी आली.

स्टाफरूममधल्या एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. निमसे बाई छताकडे बघत होत्या, बाकीचे कपबशीत. माझ्याकडे कुणी टक लावून पाहिलं असतं तर परवडलं असतं. हे असं सगळ्यांनी मिळून न बघणं फार लागतं. माझे कान तापले.

आता गंमत अशी की आदल्याच वर्षी त्याच पेपरात बारीक माणसांना क्षयाची भीती घातली होती. तेव्हा भापकर सरांनी खारीकदूध सुरू केलं होतं आणि ऐन वैशाखात स्वेटर घालून शाळेत यायचे. मी धीर करून म्हटलं, "सर, गेल्या वर्षी हाच पेपर बारीक माणसांच्या मागे लागला होता ना?"

सरांनी पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "तो वेगळा डॉक्टर होता."

सगळे हसले. मीही हसले. मग शाळा सुटल्यावर तोच पेपर मागून घरी नेला आणि तो लेख पुन्हा वाचला, अगदी परीक्षेला असल्यासारखा.

*

मी एका सुताराच्या घरात भाड्याच्या खोलीत राहायचे. खाली सारवलेली जमीन. एके दिवशी शेजारच्या दोघीजणी सहज म्हणून आल्या. बसल्या नाहीत. बोलत बोलत खोलीभर हिंडायला लागल्या, आणि दर दोन पावलांनी टाच आपटायच्या. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

थोड्या वेळानं एकीनं विचारलंच, "बाई, हितं खाली पोकळ वाजतंय का वो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पूर्वी लोक ज्वारी जमिनीखाली पेवात साठवायचे. गावात बोलवा होती की पाचारणे बाईंच्या खोलीत पेव आहे! एरवी दुष्काळात एवढं अंग राहतंच कसं? बरोबरच होतं म्हणा. पेपरनं सांगितलं होतं की जाडी खाण्यानंच येते, आणि खायला तर गावात काहीच नव्हतं.

मी धान्याचा डबा उघडून दाखवला. आत रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, सगळ्यांच्या घरात होती तीच, कोंबडीसुद्धा तोंड वाकडं करील अशी. दोघींनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक म्हणाली, "डबा दावून काय व्हतंय बाई? अंग दिसतंय की."

चार दिवसांनी शाळेतून आले तर चुलीशेजारी हातभर खड्डा. घरमालक सुतार शेजारी कुदळ घेऊन उभा. म्हणाला, उंदराचं बीळ बुजवत होतो. बुजवायला आधी खणावं लागतं, हे मला तेव्हा कळलं!

त्याच्यावर रागवायला हवं होतं. रागावले नाही. उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं, की बिचाऱ्यानं एवढं खणलं आणि त्याला काहीच मिळालं नाही.

*

मग पेपरवाले स्वतःच आले. दुष्काळात बोर्डिंगच्या पोरींचे कसे हाल चाललेत ते छापायचं होतं. बातमीदार आणि त्याच्याबरोबर कॅमेरावाला. भापकर सरांनी पोरी पटांगणात रांगेनं उभ्या केल्या. शिक्षक बाजूला. कॅमेरावाल्यानं डोळा लावला, परत काढला आणि सरांच्या कानात काहीतरी बोलला.

सर माझ्याजवळ आले. फार सभ्य माणूस. घसा खाकरून म्हणाले, "पाचारणे बाई, तुम्ही जरा तिकडे उभ्या राहता का? गैरसमज नको. फोटोत दुष्काळ दिसला पाहिजे."

मी तिकडे गेले. तिकडे म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीमागे. गयाबाई तिथं राख घेऊन भांडी घासत बसलेली. पाणी नव्हतंच, सगळी भांडी राखेनंच निघायची. तिनं वर पाहून विचारलं, "काय वो बाई, तुमी हितं?" मी म्हटलं, ऊन लागतंय. माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही.

पुढच्या आठवड्यात फोटो छापून आला. पोरी होत्या, सर होते, निमसे बाई तर मान जरा तिरकी करून उभ्या होत्या. आणि भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात, एक कोपर आलं होतं. नुसतं कोपर. त्याच्यावर नाव नव्हतं, काही नव्हतं.

बाजारात भाजीवालीपासून एस.टी.च्या कंट्रोलरपर्यंत प्रत्येकानं सांगितलं, "बाई, पेपरात आलात की!"

*

त्या लेखात जाडीवर उपायही दिले होते. सकाळी लिंबूपाणी, मधूनमधून पाणी, जेवणाआधी पुन्हा पाणी. टँकर दोन दिवसांनी एकदा येणार, आणि हे म्हणतात पाणी पीत राहा! लिंबू तर आम्ही चित्रातच पाहत होतो. मग मला जमण्यासारखं एकच उरलं, न खाणं.

त्याआधी दुपारी मी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातच पोरींबरोबर जेवायचे. एकदा दुसऱ्या भाकरीचा चतकोर घेतला, तर निमसे बाई गोड आवाजात म्हणाल्या, "घ्या हो बाई, लाजू नका. पोरी काय, अजून लहानच आहेत." त्या दिवसापासून चारचौघांत घास घ्यायचा मी सोडला. अगदी शेंगदाणासुद्धा नाही. कुणी प्रसाद दिला तर मुठीत धरून घरी न्यायचे. गयाबाई बिचारी फडक्यात भाकरी बांधून वर्गापर्यंत आणून द्यायची, आणि मी ती तशीच परत पाठवायचे.

एके दिवशी फळ्यावर सीना नदी काढत होते. निम्म्यावर आली, आणि पुढची नदी मला दिसेचना. शुद्धीवर आले तेव्हा पोरी वह्यांनी वारा घालत होत्या. मला उचलायला किती जण लागले ते निमसे बाईंनी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलं.

दवाखान्यात नवीन डॉक्टर होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाडीसुद्धा नंतर धरली. म्हणाले, वजन फार आहे, खाण्यावर ताबा ठेवा. मी म्हटलं, "डॉक्टर, कालपासून काही खाल्लेलं नाही."

कंपाउंडर फसकन हसला. डॉक्टरही हसले. "बाई, डॉक्टरशी खोटं बोलू नये."

आणि औषध म्हणून त्यांनी मला एक दिवसाचा उपास सांगितला!

हा किस्सा भिशीत सगळ्यात जास्त चालतो. बायका डोळे पुसेपर्यंत हसतात. मला मात्र अजून समजत नाही, की मी उपाशी आहे हे सांगताना मला एवढी लाज का वाटावी. चोरी सापडल्यासारखी मान खाली घालून मी तिथून बाहेर पडले होते.

*

आता शेवटचा.

पौषात बोर्डिंगची ज्वारी संपत आली. सरकारी धान्य वेळेवर येईना. आईबाप एकेक करून पोरींना न्यायला लागले, कारण रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जेवढे हात तेवढे हवेच होते. माझ्या वर्गात शकू म्हणून पोरगी होती, सातवीतली. तिचा बाप येऊन सरांना सांगून गेला, "खायाला आसंल तर ठिवा. नसंल तर नेतो. माझं तरी काय चालतंय?" कामावर गेलेली पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. शकूलाही ठाऊक होतं. ती कुणाशी बोलेनाशी झाली.

तेवढ्यात राहात्याकडचे एक बागाईतदार देवासारखे उभे राहिले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्याकडे पाटाचं पाणी होतं, आणि त्यांची बायको आमच्याच बोर्डिंगात शिकलेली. म्हणाले, शाळेतल्या एका गुरुजनाची धान्यतुला करायची. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात ज्वारी. जेवढी भरेल तेवढी ज्वारी पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी पाठवायची. नुसतं दान द्यायला त्यांचं मन धजेना म्हणा, किंवा तुलेशिवाय दानाला शोभा नाही असं त्यांना वाटत असेल. पण शब्द पक्का होता.

गुरुजन म्हणजे अर्थातच हेडमास्तर. सरांनी काळा कोट इस्त्रीला टाकला. मग दुपारी स्टाफरूममध्ये हिशोब करायला बसले, त्या ज्वारीत किती पोरींचा आठवडा निघेल याचा. करता करता त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या वजनात निम्म्याच पोरी बसत होत्या. खारीकदूध वायाच गेलं होतं.

शेवटी निमसे बाई म्हणाल्या, "पाचारणे बाई बसल्या तर?"

आणि त्या पेपराच्या दिवसापासून छताकडे बघणारी सगळी मंडळी एकदम माझ्याकडे बघायला लागली. नुसती बघत नव्हती, अंदाज घेत होती. सरांनी चष्मा पुसला, हिशोब पुन्हा मांडला आणि हळूच म्हणाले, "सगळ्या राहतील. शकूसुद्धा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि घरी येऊन दार लावून रडले. पटांगणात, गावासमोर, बाजारातला तो मोठा तराजू माझं वजन सांगणार होता! मला त्या क्षणी शकू दिसत नव्हती, ज्वारी दिसत नव्हती. ते पारडं आणि हसणारी माणसं एवढंच दिसत होतं. थोडं तरी कमी भरावं म्हणून जे काही पोटात जात होतं तेही मी बंद केलं. तुलेच्या दिवशी सकाळी गयाबाई फडक्यात भाकरी घेऊन दारात आली. मी ती परत दिली. तिनं भाकरी कमरेला खोचली आणि निघून गेली.

पटांगणात तीन वाशांचं तिकाटणं उभारून तराजू टांगला होता. गाव लोटलं होतं. पेपरचा कॅमेरावालासुद्धा आला होता. मला पारड्यात बसवलं तेव्हा साखळ्या करकरल्या, आणि मागून कुणीतरी "दोर बघा रे" म्हणालं. हशा झाला. मी डोळे मिटून घेतले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

अण्णांचा माणूस समोरच्या पारड्यात ज्वारी ओतायला लागला. ओतण्याचा आवाज चालू होता, चालू होता, आणि मग माझं पारडं हललं. मी डोळे उघडले. दांडी सरळ झाली होती. अण्णांच्या माणसानं हात थांबवला.

मला आधी हायसंच वाटलं. लवकर झालं म्हणून. मग भापकर सरांकडे पाहिलं. ते पारड्यातल्या ज्वारीकडे बघत होते, नंतर उरलेल्या पोत्याकडे. त्यांचा हिशोब चुकला होता. फाटकाशी शकूचा बाप उभा होता, त्यानंही सरांचा चेहरा पाहिला. त्यानं शकूची वळकटी उचलली आणि खांद्यावर टाकली.

तेव्हा मला कळलं, त्या काट्यावर काय कमी भरलं होतं ते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जाडीची नव्हे.

इतक्यात गर्दीतून गयाबाई पुढं आली. तिनं कमरेचं फडकं सोडलं, सकाळचीच भाकरी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाई, खावा."

सर गडबडून म्हणाले, अहो, तुला झाली, असं कसं चालेल? गयाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, ती अण्णांकडे बघत राहिली. अण्णांनी पागोटं मागं सारलं, माझ्याकडे पाहिलं, वळकटी घेतलेल्या त्या बापाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी शब्द बाईंच्या वजनाचा दिलाय. बाई अजून उठल्यात कुटं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. सगळं गाव बघत होतं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा वर केला, तसे भापकर सर धावत जाऊन माझ्या आणि त्याच्या मध्ये कोट पसरून उभे राहिले. ते सुतळीएवढे, त्यांच्यानं माझं काय झाकलं जाणार होतं! पण ते हलले नाहीत. निमसे बाई मान खाली घालून उभ्या होत्या.

कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. तर पोरींच्या रांगेतून एक तांब्या आला. टँकरचं पाणी, वाट्याला आलेलं, मोजून मिळालेलं. मग दुसरा तांब्या आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पीत होते. माझं पारडं खाली गेलं. अण्णांच्या माणसानं पोत्यात हात घातला.

शेवटी शकू आली. दोन्ही हातांत तांब्या धरला होता, एक थेंब सांडू देत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "माझंबी प्या."